उन्हाळ्यात स्कीच्या डोंगरावर एकांतात चालायचे असेल तर

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. जुलै महिन्यात तुम्ही दोघे एका स्कीच्या गावात चार दिवस राहणार आहात. मागच्या वर्षी अशाच एका ठिकाणी गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद पाळण्याने, थेट माथ्यावर गेलात, तर वर पाय ठेवायला जागा नव्हती. फोटोसाठी रांगा, सायकली आणि गलका यांना कंटाळून तासाभरात खाली परत आलात. या वेळी लिफ्टच्या, म्हणजे तारेवरून माणसे वर नेणाऱ्या पाळण्यांच्या, नादी न लागता, स्कीचे जे रुंद हिरवे उतार गावातून दिसतात त्यांवरूनच, हिवाळ्यातला रंगीत नकाशा हातात घेऊन चढावे असा तुमचा बेत आहे. दोघेही पन्नाशी ओलांडलेले आणि रोज चालणारे आहात, मात्र उतरताना पत्नीचे गुडघे दुखतात. हा बेत योग्य आहे का आणि एकांत नक्की कुठे मिळेल, असे तुम्ही विचारले आहे.

एकांत मिळेल आणि त्यासाठी फार लांबही जावे लागणार नाही, हे आधी सांगून ठेवतो. मात्र स्कीच्या उतारांवरून सरळ वर चढण्याचा विचार सोडून द्यावा आणि हिवाळी नकाशावर तर अजिबात विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गेली बरीच वर्षे मी जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे उत्तर गोलार्धातल्या या डोंगरांच्या उन्हाळ्यात, लहान गटांना घेऊन अशा डोंगरांवर चालतो आहे आणि गटातल्या बहुतेकांची पहिली मागणी तुमच्यासारखीच असते. 'अमुक वाटेने जा' एवढेच सांगण्यापेक्षा गर्दी कशी तयार होते आणि कुठे संपते हे सांगितले, तर कोणत्याही गावात तुम्हाला वाट स्वतः निवडता येईल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

स्कीचा डोंगर म्हणजे माणसे वर पोहोचवण्यासाठी बांधून काढलेला डोंगर. हिवाळ्यात वर उतरलेला प्रत्येक जण पायाला स्की अडकवतो आणि बघता बघता सगळे वेगवेगळ्या उतारांवर पांगतात. शिवाय तेव्हा डोंगराच्या सगळ्या अंगांवरच्या लिफ्ट चालू असतात. उन्हाळ्यात त्यांपैकी मोजक्याच चालू ठेवल्या जातात, त्यामुळे सगळे प्रवासी एक-दोन दारांतूनच बाहेर पडतात आणि बाहेर पडलेला माणूस पायी असतो. त्याला परतीची लिफ्टही बहुधा त्याच दारातून पकडायची असते, म्हणून तो त्या दाराच्या आसपासच घुटमळतो. काही ठिकाणी तर लिफ्ट हेच पाहण्याचे ठिकाण झाले आहे. कॅनडात व्हिसलर आणि ब्लॅककॉम्ब या दोन डोंगरांना जोडणारी ४.४ किलोमीटर लांबीची गोंडोला २००८ मध्ये सुरू झाली. उन्हाळ्यात तिथे जाणाऱ्या पुष्कळ लोकांना तिच्यात बसून दरी ओलांडायची असते, फार चालायचे नसतेच. त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे काही कारण नाही. त्यांना हवा असलेला डोंगर आणि तुम्हाला हवा असलेला डोंगर एकाच तिकिटावर येतात, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुढचे सोपे होते.

माझ्या पाहण्यात ही गर्दी वरच्या स्थानकापासून पायी अर्ध्या तासाच्या आत संपते, आणि विशेष म्हणजे ती हळूहळू विरळ न होता एकदम तुटते. खडी टाकून सपाट केलेला रस्ता संपून दगडांची अरुंद पायवाट जिथे सुरू होते, किंवा वाट एखाद्या सोंडेला वळसा घालते आणि मागे वळून पाहिले तर स्थानक दिसेनासे होते, तिथे लोक थांबतात. अशा वळणावर उभा राहून मी हे अनेकदा पाहिले आहे. आधी पाण्याची बाटली बाहेर येते, मग कोणीतरी घड्याळ पाहते, एक फोटो निघतो आणि मंडळी माघारी फिरतात. त्या वळणापलीकडे दोन-तीनशे पावले गेले की मार्मोटची शिट्टी ऐकू येते. मार्मोट हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी आहे. माणूस दिसला की तो इतरांना सावध करण्यासाठी तीक्ष्ण शीळ घालतो. वर्दळीच्या वाटेवरचे मार्मोट माणसांना सरावलेले असतात आणि फारसे ओरडत नाहीत. म्हणून ती शीळ कानावर पडली की आपण गर्दीच्या कुंपणाबाहेर आलो, असे मी समजतो.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुमच्या गावाची उंची किती आणि लिफ्ट कोणत्या उंचीपर्यंत जाते यावर उरलेला बर्फ आणि विरळ हवा हे दोन्ही प्रश्न ठरतात. डोंगरावर सायकलींसाठी उतार राखून ठेवले आहेत का, गुरे-मेंढ्या चरायला सोडल्या आहेत का, लिफ्टच्या दुरुस्तीची कामे कुठे चालू आहेत, जमीन कोणाच्या मालकीची आहे आणि चालणाऱ्याला कुठे मुभा आहे, हे सगळे ठिकाणानुसार बदलते. बंद फाटक किंवा 'प्रवेश नाही' अशी पाटी दिसली तर ती तुमच्यासाठीही आहे असे समजावे. त्या पाटीमागे बहुतेक वेळा एखादे मोठे यंत्र चालू असते. गावातल्या पर्यटन कार्यालयात पहिल्या संध्याकाळी पंधरा मिनिटे घालवली तर यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे मिळतात. तिथे 'चांगली वाट कोणती' असे विचारू नये, कारण सगळ्यांना जी वाट सांगितली जाते तीच तुम्हालाही सांगितली जाईल. 'या आठवड्यात कोणत्या लिफ्ट बंद आहेत आणि कोणत्या वाटांवर अजून बर्फ आहे' असे विचारावे.

हिवाळी नकाशाविषयी मी इतका ठाम का आहे, ते सांगतो. तो मोजणीचा नकाशा नसून चित्र असते. जेम्स नीह्यूझ या अमेरिकी चित्रकाराने अशा सुमारे दोनशे स्कीस्थळांची चित्रे हाताने रंगवली आहेत, आणि त्या कलेचे मर्मच असे की डोंगराची पुढची, मागची आणि बाजूची अंगे एकाच कागदावर दिसावीत म्हणून भूरूपे वाकवली, ताणली आणि फिरवली जातात. स्की करणाऱ्याला 'या लिफ्टने वर गेलो तर कोणते उतार मिळतील' एवढेच हवे असते, आणि ते या चित्रातून उत्तम कळते. चालणाऱ्याला हवे असलेले अंतर, उंचीतला फरक, ओढे, कडे आणि दिशा यांपैकी कशावरही त्यात भरवसा ठेवता येत नाही. चित्रात शेजारी-शेजारी दिसणाऱ्या दोन खिंडींच्या मध्ये प्रत्यक्षात एक अख्खी दरी असू शकते. म्हणून समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, असलेला साधा भूरूपदर्शक नकाशा घ्यावा, छापील आणि फोनमध्ये उतरवून ठेवलेला असे दोन्ही. हिवाळी चित्राचा एक उपयोग मात्र मी जरूर करतो, तो पुढे सांगतो.

स्कीच्या उतारांना अवघडपणानुसार रंग दिलेले असतात, पण त्या रंगांचा अर्थही चालणाऱ्यासाठी वेगळा असतो. युरोपात सर्वसाधारणपणे निळा उतार २५ टक्क्यांपर्यंत आणि लाल उतार ४० टक्क्यांपर्यंत तीव्र असतो. अंशांत सांगायचे तर अनुक्रमे सुमारे १४ आणि २२. स्कीवरून २२ अंश हा खेळकर उतार आहे, पण पायी चढताना तो वळणे न घेता सलग समोर उभा राहतो. हिशेब करून पाहा. आल्प्समध्ये रूढ असलेले मोजमाप असे की तासाला सपाटीवर ४ किलोमीटर, चढताना ३०० मीटर उंची आणि उतरताना ५०० मीटर उंची. उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळे काढायचे आणि मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा निम्मा मिळवायचा. ६०० मीटर उंची चढवणारा ४० टक्क्यांचा उतार नकाशावर जेमतेम दीड किलोमीटर दिसतो. त्यातला उंचीचा वेळ २ तास आणि अंतराचा २२ मिनिटे, म्हणजे एकूण २ तास ११ मिनिटे. तोच उतार उतरायला सुमारे १ तास २३ मिनिटे लागतात, आणि हा सगळा वेळ गुडघ्यांवर वजन तोलत काढायचा असतो. 'दीड किलोमीटर तर आहे' असे म्हणून निघालेली माणसे दुपारी उतारावर मधेच बसलेली दिसतात, त्याचे कारण हेच.

त्यात पायाखालची जमीन. गावातून मखमलीसारखा दिसणारा तो हिरवा पट्टा जवळून पाहिला तर वेगळाच असतो. बर्फ नीट बसावा म्हणून तो यंत्राने सपाट केलेला असतो, वर गवत पेरलेले असते आणि त्या गवताखाली सुटा मुरूम असतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून दर काही मीटरांवर आडवे चर खणलेले असतात आणि वाढलेल्या गवतात ते दिसत नाहीत. कृत्रिम बर्फासाठी पाणी पुरवणाऱ्या नळांची तोंडे कडेने उभी असतात, कुठे केबल उघडी पडलेली असते. झाडे तोडून मोकळी केलेली जागा असल्याने सावलीचा मागमूस नसतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गटातला एक चांगला तयारीचा गृहस्थ सकाळी साडेसातला अशाच एका निळ्या, म्हणजे सोप्यातल्या, उतारावरून चार पावले आडवा गेला. गवतावर दव होते. त्याचा पाय सुटला आणि तो पाठीवर पडून पंधरा-वीस मीटर घसरत एका नळाच्या सिमेंटच्या चौथऱ्याला जाऊन अडकला. मनगट मुरगळण्यावर निभावले, परंतु ओले गवत बर्फासारखेच घसरते हे त्या दिवसानंतर मी प्रत्येक गटाला निघण्यापूर्वी सांगतो. यात जमिनीचाही प्रश्न आहे. वृक्षरेषेच्या, म्हणजे ज्या उंचीपलीकडे झाडे वाढत नाहीत तिच्या, वर पेरलेले गवत मूळ धरायला फार वर्षे लागतात, आणि लोक सरळ चढू-उतरू लागले की त्याच रेषेतून पाणी वाहून घळ पडते.

मग चालायचे कुठून? खुणा केलेल्या उन्हाळी पायवाटांवरून. त्या बहुतेक वेळा स्कीच्या उतारांच्या कडेने, जंगलातून किंवा सोंडेवरून नागमोडी गेलेल्या असतात आणि पुष्कळ ठिकाणी त्या स्कीपेक्षा कितीतरी जुन्या, गुराख्यांच्या असतात. स्वित्झर्लंडमध्ये पिवळी खूण साध्या वाटेची, पांढरी-लाल-पांढरी डोंगरी वाटेची आणि पांढरी-निळी-पांढरी दोर किंवा गिर्यारोहणाचे कौशल्य लागू शकेल अशा वाटेची असते. तुम्ही जिथे जाल तिथली खुणांची पद्धत आधी समजून घ्यावी. पहिल्या दोन प्रकारांत तुमचे चार दिवस आनंदात जातील. स्कीच्या देखभालीची वाहने जातात ते कच्चे रस्ते रुक्ष असले तरी उताराला सौम्य असतात, आणि दुखरे गुडघे घेऊन उतरायचे झाले तर मी सुंदर पायवाट सोडून तो रस्ता घेतो.

एकांतासाठी मी सर्वांत जास्त वापरतो ते मधले स्थानक. लांब लिफ्ट अनेकदा दोन टप्प्यांत असते आणि मधल्या स्थानकावर जवळजवळ कोणीच बाहेर पडत नाही, कारण तिकीट माथ्यापर्यंतचे काढलेले असते आणि मन आधीच वर पोहोचलेले असते. फ्रान्समधल्या शामोनी गावातून एग्वी द्यु मिदी या शिखराकडे जाणारी केबल कार १०३५ मीटरवरून निघते, २३१७ मीटरवर केबिन बदलावी लागते आणि पुढचा टप्पा थेट ३७७७ मीटरवर नेतो. बहुतेक प्रवासी मधल्या ठिकाणी केबिन बदलण्यापुरतेच थांबतात. तिथून निघणारी आडवी वाट प्रसिद्ध असल्यामुळे ती निर्मनुष्य नसते, तरी माथ्यावरच्या सज्जातली दाटी आणि या वाटेवरची शांतता यांची तुलनाच होऊ शकत नाही. लहान, नाव नसलेल्या डोंगरांवर तर मधले स्थानक सोडून दहा मिनिटे चालले की वाट पूर्णपणे तुमची होते. मधले स्थानक बहुधा वृक्षरेषेच्या आसपास असते, म्हणजे एकीकडे सावली आणि दुसरीकडे कुरणे. तिथून समान उंचीवरून जाणारी आडवी वाट मिळाली तर चढही फार नाही आणि उतारही नाही. तुमच्या दोघांसाठी याहून चांगली सुरुवात मला दिसत नाही.

दुसरा उपाय वेळेचा. लिफ्ट सुरू होण्यापूर्वी डोंगर रिकामा असतो, म्हणून पहाटे खालून चालत निघावे आणि उतरताना लिफ्ट घ्यावी. बहुतेक लोक याच्या उलट करतात, लिफ्टने चढतात आणि चालत उतरतात, कारण दम लागत नाही. पण दम हा थांबले की परत येतो. गुडघ्यांचे तसे नसते. पत्नीच्या गुडघ्यांचा विचार करता चालत चढणे आणि बसून उतरणे हाच तुमच्या चारही दिवसांचा पाया असावा. दोन गोष्टींची मात्र आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी. एक, खाली येणारी शेवटची लिफ्ट किती वाजता आहे. दुसरी, ती लिफ्ट खाली येताना माणसे घेते का, कारण काही चेअरलिफ्ट, म्हणजे उघड्या खुर्च्यांच्या लिफ्ट, फक्त वर जाणाऱ्यांनाच बसवतात आणि हे वर पोहोचल्यावर कळले तर दिवसाचा सगळा आनंद जातो. उतरताना दोन काठ्या वापराव्यात, त्यांची लांबी चढापेक्षा थोडी वाढवावी आणि पावले लहान टाकावीत.

तिसरा उपाय म्हणजे बंद असलेल्या लिफ्टचा भाग, आणि इथे मी हिवाळी चित्र उपयोगात आणतो. चित्रावर सगळ्या लिफ्ट दाखवलेल्या असतात. त्यांतल्या उन्हाळ्यात चालू असलेल्या लिफ्टवर खूण करायची. जिथे एकही खूण पडत नाही अशी एखादी आख्खी दरी किंवा धार बहुतेक मोठ्या स्कीस्थळांवर सापडते. तिथे पायवाटा आहेत का हे मग भूरूपदर्शक नकाशात पाहायचे. अशा भागात शिरल्यावर जे दिसते ते मला दरवर्षी नवे वाटते. तारेवर पाळणे नसतात, बर्फ फवारणाऱ्या यंत्रांवर आच्छादने असतात, आणि झाडांच्या ज्या फांद्या हिवाळ्यात बर्फाखाली दबतात त्या सगळ्या एका विशिष्ट उंचीपर्यंत उताराकडे मोडलेल्या किंवा वाकलेल्या दिसतात; त्यावरून आपल्या डोक्याच्या किती वर बर्फ असतो याचा अंदाज येतो. यंत्राने दाबलेला आणि कृत्रिम बर्फ घट्ट असल्यामुळे तो आजूबाजूच्या नैसर्गिक बर्फापेक्षा उशिरा वितळतो, म्हणून स्कीच्या पट्ट्यावर फुलेही मागाहून येतात. शेजारच्या कुरणातली फुले सुकत आलेली असताना पट्ट्याच्या कडेला तीच फुले नुकती उमलत असतात, आणि दोन पावलांत दोन आठवड्यांचा फरक पाहायला मिळतो.

निर्जन भागात जाण्याची किंमतही समजून घेतली पाहिजे. हिवाळ्यात उतारांवर फिरणारे बचाव पथक उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी नसते. डोंगरावर इतक्या इमारती, खांब आणि तारा असूनही मदतीच्या दृष्टीने तो रानातल्या डोंगरासारखाच असतो. युरोपीय संघाच्या देशांत ११२ हा आणीबाणीचा क्रमांक चालतो. फोनला रेंज नसेल तर शिट्टीचे किंवा विजेरीचे सहा इशारे एका मिनिटात द्यायचे, एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे, ही आल्प्समध्ये रूढ असलेली खूण आहे. उत्तर तीन इशाऱ्यांनी मिळते. शिट्टी सॅकच्या तळाशी न ठेवता पट्ट्याला बांधावी.

जुलैत उंचावर सर्वांत जास्त सांभाळायचे ते उरलेल्या बर्फापासून. उत्तरेकडे तोंड असलेल्या घळींत तो टिकतो आणि नेमका पायवाटेवर आडवा येतो. सकाळी तो दगडासारखा कडक असतो, दुपारी वरून मऊ होतो, आणि खालून ओढा वाहत असेल तर मधे पोकळी तयार झालेली असते. पट्टा अरुंद असला, तरी खाली उतार कुठे संपतो हे दिसत नसेल तर ओलांडू नये. मी स्वतः अशा ठिकाणी गट मागे वळवला आहे, पलीकडची वाट पन्नास पावलांवर दिसत असताना. ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्स किंवा स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटसारख्या ठिकाणी हिमनदीवर वर्षभर स्की चालते. तिथे बर्फावर माणसे दिसली तरी दोर आणि जाणकार सोबत असल्याशिवाय पायी हिमनदीवर पाऊल ठेवू नये, कारण भेगा वरच्या बर्फाखाली झाकलेल्या असतात.

दुसरा धोका दुपारच्या वादळाचा. वीज किंवा जोराचा वारा आला की लिफ्ट थांबवतात, म्हणजे तुम्हाला ती जेव्हा सर्वांत जास्त हवी असते नेमकी तेव्हाच ती नसते. एकदा ऑगस्टमध्ये दुपारी दीडच्या सुमारास आम्ही मधल्या स्थानकाच्या अलीकडे असताना ढग दाटले आणि डोक्यावरचे पाळणे जागच्या जागी थांबले. आमच्याकडे पावसाचे जाकीट, चालण्याजोगे बूट आणि पुरेसा दिवस होता, म्हणून कडाडणे थांबेपर्यंत स्थानकाच्या इमारतीत थांबून आम्ही कच्च्या रस्त्याने अडीच तासांत गावात उतरलो. तेव्हापासून माझा नियम असा की लिफ्ट बंद पडली तरी उजेडात पायी उतरता येईल इतकाच बेत आखायचा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धारेवरून आणि एकट्या उंच खांबांपासून तातडीने दूर व्हावे. धारेवरचे चालणे दुपारी बाराच्या आत आटोपले की हा प्रसंग सहसा येत नाही.

उंचीविषयी थोडक्यात सांगतो. लिफ्टने वीस मिनिटांत ३७०० मीटरच्या पुढे गेलात तर तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळालेला नसतो. डोके दुखू लागले, मळमळले तर तो थकवा आहे असे समजून वर रेंगाळू नये, खाली यावे. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते आणि अतिनील किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, म्हणून गावात ऊन कितीही असले तरी एक गरम कपडा आणि टोपी सोबत असावी. सायकलींसाठी राखलेल्या वाटेवर पाऊल टाकू नये. तिथे वळणामागून येणाऱ्याला थांबता येत नाही. मेंढ्यांचा कळप दिसला तर लांबून वळसा घालावा. त्यांचे राखणदार कुत्रे भुंकत समोर आले तर पळू नये, काठ्या उगारू नयेत. शांतपणे बोलत उभे राहावे आणि ते ओसरले की सावकाश बाजूने निघावे.

आता तुमच्या चार दिवसांचे. पहिल्या दिवशी मधल्या स्थानकापर्यंत लिफ्टने जाऊन आडव्या वाटेने दोन-तीन तास चाला आणि तिथेच परत या. पायांचा आणि उंचीचा अंदाज येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गावातून निघून जंगलातल्या वाटेने मधल्या स्थानकापर्यंत चढा. उंचीतला फरक ६०० मीटर धरला तर विश्रांतीसह नऊ-साडेनऊपर्यंत पोहोचाल, आणि लिफ्टने लोक वर येऊ लागतील तेव्हा तुम्ही खाली निघालेले असाल. एक दिवस बंद लिफ्टच्या दरीसाठी ठेवा. तिथे परतीची लिफ्ट नसते, म्हणून ३०० मीटरपेक्षा जास्त चढू नका. आणि ज्या दिवशी हवामानाचा अंदाज सर्वांत स्वच्छ असेल तो दिवस माथ्यासाठी राखून ठेवा, मग तो कितवाही असो. पहिल्या लिफ्टने वर जा, स्थानकापाशी न थांबता धारेच्या वाटेने त्या अर्ध्या तासाच्या वळणापलीकडे निघून जा, तिथे हवे तेवढे बसा आणि बाराच्या आत परत फिरा. गुडघे साथ देत असतील तर मधल्या स्थानकापर्यंत चालत उतरता येईल, पण आधीच्या दिवसांवरून ते ठरवा.

जुलैऐवजी सप्टेंबर चालेल का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. जमत असेल तर मी सप्टेंबरचा पूर्वार्ध निवडेन. शाळा सुरू झालेल्या असतात, वाटांवरचा जुना बर्फ बहुतेक गेलेला असतो आणि दुपारची वादळे कमी होतात. मात्र दिवस लहान होतो, नवा बर्फ एखाद्या रात्री अचानक पडू शकतो, आणि लिफ्टचे वेळापत्रकही आखडते. काही ठिकाणी ती आठवड्यातले ठरावीक दिवसच चालते, काही ठिकाणी शेवटची फेरी तासभर अलीकडे येते. इंटरनेटवरचे वेळापत्रक कधीकधी मागच्या महिन्याचे असते, म्हणून चालायला निघण्यापूर्वी खालच्या स्थानकावर लावलेल्या त्या दिवसाच्या फलकाचा फोटो काढून घ्यावा आणि शेवटच्या फेरीच्या एक तास आधीचा गजर फोनवर लावून ठेवावा.